तीन टन की अकरा टन? ‘पिक्सिस ओशन’च्या दोन पंखांचा हिशेब

ऑगस्ट २०२३ मध्ये चीनहून ब्राझीलकडे निघालेल्या एका जहाजाचे फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. एरवी असल्या जहाजाकडे कोणी ढुंकून बघत नाही. धान्य, कोळसा, खनिज असा सुटा माल पोटात भरायचा आणि बारा-तेरा नॉटच्या (ताशी बारा-तेरा सागरी मैलांच्या) चालीने आठवडेच्या आठवडे रांगत राहायचं, एवढंच त्याचं काम. पण ‘पिक्सिस ओशन’च्या डेकवर दोन पंख उभे होते, प्रत्येकी ३७.५ मीटर उंचीचे. म्हणजे जवळपास बारा मजली इमारतच. शिडं परत आली, अशी चर्चा सुरू झाली आणि त्या चर्चेत एक आकडा सतत ऐकू येऊ लागला: उत्सर्जनात ३० टक्क्यांपर्यंत घट.

मार्च २०२४ मध्ये पहिल्या सहा महिन्यांचे निकाल जाहीर झाले. सरासरी बचत दिवसाला ३ टन इंधन. वारा मनासारखा मिळाला त्या वेळी ११ टन.

३० टक्के, ३ टन, ११ टन. यातला खरा आकडा कोणता? माझ्या मते तिन्ही खरे आहेत, आणि तरीही यातला एकही जसाच्या तसा भाडेकरारात लिहिता येत नाही. पंख चालतात का, हा प्रश्न तसा लवकर सुटला. त्यांच्या कमाईवर हक्क कोणाचा, आणि ती कमाई मोजायची कशी, इथे खरी मेख आहे.

कोण काय आणत होतं

‘पिक्सिस ओशन’ २०१७ साली बांधलेलं, सुमारे ८० हजार टन वहनक्षमतेचं ‘कामसारमॅक्स’ जातीचं जहाज. हे नाव गिनी देशातल्या कामसार बंदरावरून पडलं. बॉक्साइट भरायला त्या बंदरात शिरू शकणाऱ्या जहाजाची लांबी जास्तीत जास्त २२९ मीटर, म्हणून या जातीची जहाजं तेवढीच लांब. नाव बाजूला ठेवलं तरी त्यामागची रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे: मालवाहू जहाजाचा आकार समुद्र ठरवत नाही, बंदर ठरवतं. पंखांच्या बाबतीतही पुढे तेच झालं.

जहाज मित्सुबिशी कॉर्पोरेशनच्या मालकीचं. ते भाड्याने चालवत होती कारगिल ही धान्यव्यापारातली बलाढ्य कंपनी. तिच्या दिमतीला अशी शेकडो भाड्याची जहाजं असतात. पंखांची रचना ब्रिटनच्या बार टेक्नॉलॉजीजची. ही कंपनी ब्रिटिश नौकाशर्यतपटू बेन एन्सलीच्या, ‘अमेरिका कप’ या नौकाशर्यतीसाठी बांधलेल्या संघातून जन्माला आली, म्हणजे शर्यतीच्या नौकांचं ज्ञान इथे थेट कोळसा-गव्हाच्या जहाजावर उतरलं. पंखांच्या उत्पादनाची बाजू यारा मरीन टेक्नॉलॉजीजने सांभाळली आणि जोडणी शांघायच्या गोदीत झाली. शिवाय युरोपीय संघाच्या ‘होरायझन २०२०’ या संशोधन कार्यक्रमातला काही निधी या प्रयोगात होता.

म्हणजे पैसा तीन-चार खिशांतून आला. प्रयोग म्हणून ते ठीकच. पण बाजारातला एखादा साधा जहाजमालक अशी मोट बांधू शकत नाही, हे निकाल वाचताना विसरून चालणार नाही.

पाठीवरचा वारा आणि कुशीवरचा वारा

शीड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मागून येणाऱ्या वाऱ्याने फुगलेलं कापड येतं. ‘विंडविंग्ज’ नावाचे हे पंख तसे नाहीत. ते कडक आहेत, पवनचक्कीच्या पात्यांना वापरतात तसल्या काचतंतूंच्या मिश्र साहित्याचे. प्रत्येक पंखात तीन उभे भाग: मधला मोठा आणि दोन्ही बाजूंना हलणारे दोन फडके, विमानाच्या पंखाला उतरताना खाली झुकणारे असतात तसे. वारा डावीकडून आला की बाक एका बाजूला, उजवीकडून आला की दुसऱ्या बाजूला. मग उभ्या पंखाच्या दोन बाजूंना दाबाचा फरक पडतो आणि जहाज पुढे ओढलं जातं. विमान ज्या बळावर वर उचललं जातं तेच बळ, फक्त आडवं पाडलेलं.

इथे एक छोटं गणित करावंच लागतं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जहाज १२ नॉटने चाललंय आणि २० नॉटचा वारा बरोबर कुशीवर, काटकोनात येतोय असं समजा. जहाज स्वतः पुढे जात असल्यामुळे डेकवर जाणवणारा वारा २३ नॉटच्या थोडा वर जातो आणि तो तिरका, पुढच्या अंगाने येतो. आता तोच २० नॉटचा वारा नेमका पाठीमागून आहे असं समजा. जहाज त्याच दिशेला पळतंय, त्यामुळे डेकवर उरतो फक्त ८ नॉट. वाऱ्याचं बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. २३.३ चा वर्ग ५४४, ८ चा वर्ग ६४. म्हणजे कुशीवरच्या वाऱ्यात साडेआठ पट जोर. ‘वारा पाठीशी असणं’ हा आपला वाक्प्रचार इंजिनाच्या जहाजाला फारसा लागू पडत नाही. त्याला वारा कुशीला हवा.

आणि वारा थेट समोरून आला तर पंखाचा उपयोग शून्य. तेव्हा त्याला वाऱ्याच्या रेषेत वळवून गप्प बसवायचं, नाहीतर तोच लोढणं होतो.

कुशीवरच्या वाऱ्यालाही किंमत असते. तो जहाजाला पुढे ओढतो तसाच बाजूलाही रेटतो. जहाज किंचित खेकड्यासारखं तिरकं चालतं, नाक सरळ ठेवायला सुकाणू थोडं वळवून धरावं लागतं, आणि वळलेलं सुकाणू पाण्यात अडथळा करतं. पंखाने दिलेल्या बळातून हे सगळं वजा होऊन जे उरेल ती खरी मदत. शिवाय प्रोपेलर आणि इंजिन पूर्ण भारासाठी आखलेले असतात. भार कमी झाला की त्यांचीही कार्यक्षमता थोडी इकडेतिकडे होते.

आकडा मोजला कसा जातो

प्रयोगाआधी रचनाकारांचा अंदाज असा होता की एका पंखामागे दिवसाला सरासरी १.५ टन इंधन वाचेल. दोन पंख, म्हणजे ३ टन. सहा महिन्यांनंतरची मोजणीही ३ टनच निघाली. इतका चोख मेळ बसला की माझ्यासारख्या संशयी माणसाच्या भुवया आधी वर जातात. तर संशय घेऊन पाहू.

या आकाराचं जहाज वेग आणि माल यांनुसार दिवसाला साधारण २० ते ३० टन इंधन जाळतं. त्यातले ३ टन म्हणजे दहावा ते सातवा हिस्सा. आता अडचण अशी की तळाला शेवाळ आणि बार्नॅकल (चिकटून राहणारे शिंपल्यासारखे जीव) धरलं तरी जहाजाचा खप एवढा सहज बदलतो. समुद्राचा प्रवाह, लाटा, जहाज किती बुडालंय, पुढे झुकलंय की मागे, हे प्रत्येक कारण काट्याला हलवतं. मग त्यातून पंखाचा वाटा वेगळा काढायचा कसा?

एक मार्ग म्हणजे चालू-बंद चाचणी. भर समुद्रात, वारा स्थिर असताना, पंख कामाला लावून प्रोपेलरच्या दांड्यावरची शक्ती मोजायची. मग वेग तोच ठेवून पंखांचं काम बंद करायचं आणि पुन्हा मोजायचं. हा पुरावा स्वच्छ, पण तो त्या अर्ध्या-एक तासापुरता. वर्षभराचा आकडा हवा असेल तर ‘पंख नसते तर या जहाजाने आज किती जाळलं असतं’ याचं प्रारूप बांधावं लागतं आणि प्रत्यक्ष खप त्याच्याशी ताडावा लागतो. ते प्रारूप जितकं चांगलं तितकी बचत खरी.

या बाबतीत दुसरं एक उदाहरण शेजारी ठेवलं की अंदाज येतो. ‘मर्स्क पेलिकन’ या तेलवाहू जहाजावर २०१८ मध्ये ३० मीटर उंचीची, गरगर फिरणारी दोन नळकांडी बसवली होती, ज्यांना रोटर सेल म्हणतात. वर्षभराच्या मोजणीत इंधनबचत ८.२ टक्के निघाली आणि जहाजांची तपासणी करणाऱ्या लॉइड्स रजिस्टर या संस्थेने ती तपासून दिली. जहाज वेगळं, यंत्र वेगळं, वाट वेगळी, तरी आकडा त्याच पट्ट्यात पडतो: दोन यंत्रं बसवलेल्या मोठ्या जहाजाला आठ ते पंधरा टक्के. म्हणून ‘पिक्सिस ओशन’चे ३ टन मला पटतात. मथळ्यातले ३० टक्के म्हणजे वरची मर्यादा. तिथवर पोचायला जास्त पंख हवेत आणि भरवशाचा वारा हवा.

निकालातल्या कार्बनच्या आकड्यातही एक खुबी आहे. दिवसाला ३ टन इंधन वाचलं आणि त्याबरोबर ११.२ टन कार्बन डायऑक्साइड टळला, असं जाहीर झालं. एक टन जड तेल जाळलं की सुमारे ३.१ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. ३ टनांचा झाला ९.३. मग वरचे जवळपास दोन टन आले कुठून? ते विहिरीतून तेल काढणं, शुद्ध करणं, जहाजापर्यंत आणणं यातल्या उत्सर्जनाचे. आकडा चुकीचा नाही, मोजपट्टी लांब आहे एवढंच. मात्र दोन जहाजांची तुलना करताना दोघांना एकच पट्टी लावलीय ना, हे बघायला हवं.

सरासरीच्या पोटात

३ आणि ११ यांचं नातं समजायला मी एक कल्पित महिना मांडतो. तीस दिवसांचा प्रवास. सहा दिवस झकास वारा, रोज ११ टन वाचले: ६६ टन. उरलेल्या चोवीस दिवसांत कधी काही नाही, कधी दोन टन, मिळून २४. एकूण ९०, सरासरी ३. म्हणजे महिन्याची जवळजवळ तीन-चतुर्थांश कमाई सहा दिवसांत झाली. प्रत्यक्ष आकडे याच प्रमाणात नसतील, पण वाऱ्याची कमाई अशीच येते, पगारासारखी समान हप्त्याने नाही.

त्या सहा महिन्यांत जहाज हिंदी, प्रशांत आणि उत्तर व दक्षिण अटलांटिक महासागरांतून फिरलं. केप ऑफ गुड होप झालं, केप हॉर्नही झालं. दक्षिण गोलार्धाच्या त्या टोकांना वारा कसा असतो हे वेगळं सांगायला नको. पण त्याच वाटेवर विषुववृत्ताजवळचा निर्वात पट्टाही लागतो. शिडांच्या काळात तिथे जहाजं दिवसेंदिवस अडकून पडत. आज इंजिन आहे, त्यामुळे अडकत नाही इतकंच. पंख मात्र तिथे नुसते प्रवासी.

याचा परिणाम वाट निवडण्यावर होतो. थोडा वळसा घेऊन कुशीवरचा वारा मिळत असेल तर घ्यावा का? जास्तीच्या मैलांचं तेल एका बाजूला, वाऱ्याची मदत दुसऱ्या बाजूला. हवामानाचं सॉफ्टवेअर हा हिशेब मांडून देतं. पण त्याचं ऐकायला कॅप्टनला मोकळीक हवी, आणि ठरलेल्या तारखेला पोचायची घाई असेल तर ती मोकळीक उरत नाही. जहाज जितकं सावकाश चालेल तितका वाऱ्याचा वाटा मोठा होतो. घाई आणि वारा एका जहाजात नांदत नाहीत.

बंदरात पंखांचं करायचं काय

सुट्या मालाच्या जहाजावर वरून ग्रॅब उतरतात, लोडरचे लांब हात डेकवरून सरकतात. मधे बारा मजली खांब उभा असेल तर गोदी कामगार काय म्हणतील, ते लिहिण्यासारखं नसेल. म्हणून हे पंख डेकवर आडवे निजवता येतात. निजवलेला पंखही जागा अडवतोच. ती जागा हॅचच्या, म्हणजे माल भरायच्या तोंडांवरच्या, झाकणांच्या आड येऊन चालत नाही.

उंचीचा प्रश्न वेगळाच. पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजाची पाण्यावरची उंची साधारणपणे ५७.९१ मीटरच्या आत लागते, कारण वाटेत पूल आहे. रिकामं जहाज पाण्यातून बरंच वर आलेलं असतं. त्यावर ३७.५ मीटर चढवा आणि मोजा. न निजणारा पंख घेणारा मालक त्या क्षणी काही वाटा स्वतःच बंद करतो.

जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकण्याच्या कक्षातून, समोरचं दिसणं हाही नियमांचा विषय. ‘सोलास’ या समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार नाकापुढचं पाणी जहाजाच्या दोन लांबी किंवा ५०० मीटर, यांतलं जे कमी असेल त्याहून जास्त झाकलं जाता कामा नये. डेकवरच्या वस्तूंमुळे पडणारा एक आंधळा पट्टा १० अंशांहून मोठा नको, आणि समोरच्या बाजूचे असे सगळे पट्टे मिळून २० अंशांच्या वर नकोत. दोन रुंद पंख या चौकटीत बसवायला जागा फार विचार करून निवडावी लागते.

जाता जाता एक गंमत. समुद्रावर टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत शिडाच्या नौकेला काही ठिकाणी वाट देण्याचा मान आहे. पण ‘शिडाची नौका’ म्हणजे इंजिन असलं तरी ते वापरात नसलेली. ‘पिक्सिस ओशन’चं इंजिन चालूच असतं, त्यामुळे पंख पसरले तरी तिला तो मान नाही. उलट शीड आणि इंजिन दोन्हींवर चालणाऱ्या नौकेने दिवसा टोक खाली केलेला शंकू दर्शनी भागी लावावा, असं तेच नियम सांगतात.

बंदरांच्या बाबतीत कारगिलला अडीचशेहून जास्त बंदरांचा आढावा हाती घ्यावा लागला: पंखवालं जहाज इथे येऊ शकतं का, कुठल्या धक्क्याला, कोणत्या यंत्राखाली. भाड्याचं जहाज आज सोयाबीन तर उद्या कोळसा नेतं, आज या बंदरात तर उद्या त्या. कुठेही जाता येणं हाच त्याचा बाजारभाव. जिथे जाता येत नाही अशा प्रत्येक बंदरागणिक तो भाव थोडा उतरतो, आणि ही घट इंधनबचतीच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

खर्च एकाचा, बचत दुसऱ्याची

आता मूळ मेख. टाइम चार्टर करारात मालक जहाज देतो, खलाशी देतो, दुरुस्ती बघतो. भाडेकरू रोजचं भाडं भरतो आणि इंधनाचा खर्च उचलतो. म्हणजे पंख बसवायचे मालकाने आणि तेल वाचणार भाडेकरूचं. करार दोन वर्षांत संपला तर? पंख त्याहून कितीतरी जास्त वर्षं टिकायचे असतात.

अंदाज यावा म्हणून मोजू. जहाज वर्षाला २३० दिवस समुद्रात धरलं, तर दिवसाला ३ टनांप्रमाणे ६९० टन. टनाला ६०० डॉलर भाव धरला तर ४ लाख १४ हजार डॉलर. भाव ४०० वर आला तर २ लाख ७६ हजार. पंखांचं कर्ज मात्र तेलाचा भाव बघून हप्ता कमी करत नाही.

मग मालक म्हणतो, भाडं वाढवून द्या. भाडेकरू म्हणतो, बचत सिद्ध करा. इथे चार्टर करारातलं एक जुनं कलम आडवं येतं, आणि हे कलम मला सगळ्या प्रकरणातलं सर्वात मजेशीर वाटतं. जहाज अमुक वेगाला अमुक इंधन खाईल अशी हमी मालक देतो. पण ती हमी ‘चांगल्या हवामाना’पुरती असते. चांगलं म्हणजे बहुधा वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापावर ४ पर्यंतचा वारा, १६ नॉटच्या आतबाहेर. त्यावरचे दिवस मोजणीतून गळतात. म्हणजे पंख ज्या दिवशी खरं कमावतो, नेमका तोच दिवस कराराच्या हिशेबात धरला जात नाही! पंख नसलेल्या जहाजांसाठी हे कलम शहाणपणाचं होतं, कारण वारा म्हणजे तेव्हा फक्त अडथळा होता. आता तोच इंधन झाला, पण कलमाच्या लेखी तो अजून अडथळाच.

नियमांच्या बाजूने थोडा रेटा आहे. जानेवारी २०२३ पासून जहाजांना वर्षाच्या कार्बन तीव्रतेनुसार ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी मिळते. युरोपच्या बंदरांशी संबंधित उत्सर्जनासाठी कार्बन परवाने घ्यावे लागतात: २०२४ च्या उत्सर्जनाच्या ४० टक्क्यांसाठी, २०२५ च्या ७० टक्क्यांसाठी, २०२६ पासून पूर्ण. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या ‘फ्युएल ईयू मेरीटाइम’ या जहाजी इंधनाच्या नियमात तर वाऱ्याची मदत घेणाऱ्या जहाजाला गणितात ५ टक्क्यांपर्यंत थेट सवलत आहे. जागतिक पातळीवर मात्र कार्बनला किंमत लावण्याच्या आराखड्यावरचा निर्णय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलला गेला. चीन ते ब्राझील ही वाट युरोपाला शिवतही नाही, त्यामुळे त्या वाटेवर पंखांना मुख्य आधार तेलाच्या भावाचाच.

आणि तेलाच्या भावाने ही कल्पना याआधीही बुडवलीय. १९२४ मध्ये जर्मन अभियंता अँटोन फ्लेटनरने ‘बुकाऊ’ जहाजावर फिरती नळकांडी बसवली. १९२६ मध्ये ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोचलंसुद्धा. यंत्र चाललं, पण स्वस्त तेलापुढे गिऱ्हाईक मिळेना. १९८० मध्ये जपानने ‘शिन आइतोकु मारू’ हे शिडाचं तेलवाहू जहाज उतरवलं. तेव्हा तेल महाग होतं. दशकाच्या मध्याला भाव कोसळले आणि शिडं पुन्हा गुंडाळली गेली.

पुढचे चार पंख

‘पिक्सिस ओशन’ निघाल्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ‘बर्ज ऑलिंपस’ हे २ लाख १० हजार टनांचं जहाज याच जातीचे चार पंख घेऊन समुद्रात उतरलं. अंदाज दिवसाला ६ टनांचा, म्हणजे पुन्हा पंखामागे दीड टन. मोठ्या खनिजवाहू जहाजांची बंदरं मोजकी आणि ठरलेली, वाट लांब आणि उघड्या समुद्राची. अडीचशे बंदरांचा प्रश्न तिथे आपोआप लहान होतो.

शिवाय जहाज बर्ज बल्क या कंपनीचं आणि ते चालवणारीही बर्ज बल्कच. वारा उत्तम असेल त्या दिवशी वाचलेलं तेल कोणाचं, हे ठरवायला तिथे कलम लागत नाही.